वहिनींचा डावा कान

सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्याही आधी, ती खिडकीसमोर उभी राहायची, तळहाताने डावा डोळा झाकायची आणि खिडकीचे गज मोजायची. मग हात बदलून उजवा डोळा झाकायचा आणि पुन्हा मोजायचे. गज सात. खोली भाड्याने घेतली त्या दिवसापासून सातच. ते कुणी चोरून नेणार नव्हतं, तरी ती रोज मोजायची. वहिनींनी विचारलं की म्हणायची, "डोळ्यांचा व्यायाम."

मागच्या वर्षी उजव्या डोळ्याला चौथा गज मध्येच वाकलेला दिसला. उन्हाने लोखंड वाकत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि हात लावून पाहिला. गज सरळ होता. सहा महिन्यांत चौथा आणि पाचवा मधूनच पुसले गेले. वर होते, खाली होते, मध्ये एक राखाडी डाग, ओल्या रंगावरून कुणी अंगठा फिरवावा तसा. आणि गेले चार महिने डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालं होतं. आधी गज वाकला, मग मधून पुसट झाला. हा हिशोब रोज सकाळी सहाला व्हायचा. त्यानंतर चूळ आणि मग चहा.

गल्लीत तिला पाऊणतासबाई म्हणत. खाली घड्याळजीचं दुकान, वर तिची खोली. उत्तरेच्या खिडकीशेजारी एक खुर्ची, समोर इझल. माणसाने यावं, खुर्चीत बसावं आणि पाऊण तासाने तेलरंगातला आपला चेहरा ओलाच सोडून जावं. वाळला की आठ-पंधरा दिवसांनी न्यायचा. घड्याळजी म्हणायचा, "माझ्या दुकानात एवढी घड्याळं आहेत, पण वेळ पाळतात त्या वरच्या बाई."

या पाऊण तासाचं तिचं एक गणित होतं. पहिली दहा मिनिटं माणूस फोटोतला चेहरा लावून बसतो. तेवढ्यात ती कॅनव्हासवर पातळ तपकिरी रंग चिंधीने पुसून घ्यायची आणि माथा कुठे, हनुवटी कुठे, एवढ्या दोनच खुणा करायची. मग माणूस कंटाळतो, त्याचे खांदे उतरतात आणि खरा चेहरा येतो. तो पंचवीस मिनिटं टिकतो. पुढे येते ती झोप. त्या पंचवीस मिनिटांत नाकडोळे शोधत बसायचं नाही. आपले डोळे बारीक करायचे, इतके की समोरचा माणूस विरघळून दोनच गोष्टी उराव्यात, उजेड आणि सावली. सावली आधी घालायची, पातळ, एकाच सपाट तुकड्यात. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, हनुवटीखालचा गळा, सगळे त्या एका सावलीचे भाऊबंद. उजेड नंतर आणि जाड. कडा कोरायच्या नाहीत. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि बुबुळातला पांढरा ठिपका एकदाच ठेवायचा. ठेवला की हात मागे.

वहिनींचं काम माणसाला बोलतं ठेवण्याचं. गप्प माणसाचा चेहरा म्हणजे शटर ओढलेलं दुकान, आणि ते शटर उघडायची किल्ली वहिनींच्या जिभेवर होती. भाऊ गेल्याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून या नणंदा-भावजया मागच्या दोन खोल्यांत एकत्र राहत. ब्रश धुणं, चिंध्या फाडणं, पॅलेटवर रंग त्याच त्या क्रमाने काढून ठेवणं, हे सगळं इझलशेजारच्या स्टुलावर बसून वहिनी करायच्या. त्यांचं स्वतःचं चित्र मात्र कधी झालं नाही. "दिव्याखाली अंधार," त्या म्हणायच्या. "अख्खी गल्ली भिंतीवर लागली, मी आपली चिंध्या फाडतेय." ती म्हणायची, "घरचंच तर आहे, कधीही काढू." हे कधीही अठरा वर्षं पुरलं होतं.

डोळ्यांचं ती कुणाशी बोलली नाही, कारण पुढे काय होतं ते तिने पाहिलं होतं. तिच्या आईचं असंच झालं होतं. आधी सुईत दोरा जाईना, मग पेपरातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. आई बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या बाजूला, भिंतीकडे बघायची. "आई भिंतीला सांगतेय, भिंतीला कान असतात," असं म्हणून घरातले हसायचे. तीही हसायची. शेवटी शेवटी कुणी आलं की आई दोन्ही हात पुढे करून म्हणायची, "ये, चेहरा दे बघू," आणि बोटांनी चाचपून बघायची. आईची ती सात वर्षं वहिनींनी काढली होती. ती स्वतः तेव्हा लोकांचे चेहरे काढत फिरत होती.

आई भिंतीकडे का बघायची, ते तिला आता कळलं होतं. चेहऱ्याकडे सरळ पाहिलं की चेहरा त्या राखाडी डागात बुडतो. नजर थोडी बाजूला नेली की तोच चेहरा डागाच्या कडेला येऊन उभा राहतो, जरा धूसर, पण असतो. म्हणून गेले काही महिने ती माणसाच्या खिडकीकडच्या, म्हणजे डाव्या कानाकडे बघायची आणि नाक, ओठ, कपाळ काढायची. डोळे बारीक करणं हा धंद्याचाच भाग, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. हात तीस वर्षांचा सवयीचा, रंग आपापल्या जागी. चित्रं होत होती. खुर्चीत नवा माणूस येऊन बसला की मात्र ती लगेच त्याच्याकडे बघायची नाही. त्याच्याकडे चुकून सरळ बघितलं जाईल आणि मानेवर काहीच नसलेला माणूस कोट घालून समोर बसलेला दिसेल, या धास्तीने ती आधीच कान शोधून ठेवायची.

एका मंगळवारी समोरचा सलूनवाला आला. बायकोने पाठवलं होतं. खिडकीशेजारी ताठ बसला, जणू आता आपलीच दाढी होणार आहे.

"तुमचे केस कोण कापतं हो?" वहिनींनी किल्ली फिरवली.

"मागच्या गल्लीतला."

"चांगले कापतो?"

"छे. अगदी वाईट कापतो. म्हणून तर जातो. बाहेर पडलो की स्वतःच्या हाताचा अभिमान वाटतो."

त्याचे खांदे उतरले. पाऊण तासात चित्र झालं. तो उठून समोर उभा राहिला, खूश झाला. "मीच आहे की. नाक बापाचं, तेही आलंय." मग जरा पुढे वाकला. "बाई, पण माझा कान?"

"सावलीत आहे," ती म्हणाली.

"सावली तर त्या बाजूला. हा कान खिडकीकडे होता, अजून गार आहे." त्याने कान चोळून दाखवला. "राग मानू नका. आमच्या धंद्यात आधी कान बघावा लागतो. विसरलं की रक्त येतं."

"पुढच्या वेळी नुसता कानच काढून देते," ती हसून म्हणाली. हातातली चिंधी घामाने ओली झाली होती.

तो गेला. वहिनी ब्रश धुवायला उठल्या, पण मोरीकडे न जाता भिंतीपाशी थांबल्या. तिथे वाळत ठेवलेली पाच चित्रं ओळीने टेकवली होती. पोस्टमन, शाळेतल्या बाई, दोघे भाऊ, पाववाल्याची आई. वहिनी एकेकासमोर थांबत पुढे सरकत होत्या. तिला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. त्या काय बघताहेत, ते विचारण्याची तिची छाती झाली नाही. खिडकीकडच्या बाजूला पाचांपैकी एकालाही कान नव्हता. गाल होता, केस होते, मध्ये नुसता तपकिरी पुसटपणा. त्या दिवशी वहिनींनी ब्रश दोनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी गज मोजून, चूळ-चहा उरकून साडेनऊच्या सुमारास ती इझलपाशी आली, तर वहिनी खुर्चीत बसलेल्या. केस मागे घट्ट बांधलेले. स्टूल रिकामं. पॅलेटवर रंग काढून तयार.

"आज मी," वहिनी म्हणाल्या.

"आज नको वहिनी, उजेड चांगला नाही."

"उजेड कालच्यासारखाच आहे. बसा."

"आणि तुम्हाला बोलतं कोण ठेवणार?"

"मला कुणी ठेवावं लागतं? गप्प कर म्हणून नवस करायचे तुमचे भाऊ."

तिने चिंधीने तपकिरी रंग पुसून घेतला. माथ्याची खूण केली, हनुवटीची केली. हात नेहमीच्या वाटेने चालला होता. पोस्टमनचा चेहरा चुकला तर चुकला. हा चुकला तर पुन्हा काढायला डोळे असतील की नाही, कुणी सांगावं? तिने डोळे बारीक केले. वहिनी विरघळल्या, उजेड आणि सावली उरली. घरात दोन हातांवर वावरणाऱ्या या माणसाला तिने अशा उजेडात एकदाही पाहिलं नव्हतं. पापण्या उघडताना तिला भीती वाटली, उघडल्यावर चेहरा परत आलाच नाही तर? तिने पटकन नजरेने कान पकडला. डागाच्या कडेला चेहरा आला.

वहिनी शेजारणीच्या दिराच्या घोरण्याचा किस्सा सांगत होत्या. निम्म्यात थांबल्या.

"वन्सं."

"बोला ना. ओठ हलले तरी चालतात."

"तुम्ही माझ्या कानाकडे बघताय."

"कानच काढतेय."

"नाक काढताय. तुमचा हात कॅनव्हासच्या मधोमध आहे. अठरा वर्षं शेजारी बसलेय मी." वहिनींचा आवाज चढला नाही. "सासूबाईंनी सात वर्षं माझ्या कानाकडे बघून मला हाका मारल्या. ती नजर मला पाठ आहे."

ब्रश हवेतच राहिला. खाली घड्याळजीच्या दुकानात दहाचे ठोके पडू लागले, एकामागून एक, प्रत्येक घड्याळाचे थोडे पुढेमागे.

"कधीपासून?"

"उजवा वर्षभर. डावा चार महिने."

"आणि मला व्यायाम सांगितलात."

"डॉक्टरकडे गेले नाही, कारण..." तिने ब्रशचं टोक चिंधीने पुसलं. "तो बोलला की मग सकाळी मोजायला काय राहील?"

वहिनी खुर्चीतून हलल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला अठरा वर्षं त्यांनीच बजावलं होतं, हलू नका, उजेड मोडतो.

"पंचवीसातली किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"बारा-तेरा."

"मग आधी काढा, रडायचं नंतर. तेलात पाणी मिसळत नाही म्हणून तुम्हीच सांगता."

तिने डोळे पुसले, त्यासरशी कपाळाला रंग लागला. गालावरचा उजेड घातला, जाड. ओठांवर एक, नाकाच्या शेंड्यावर एक. डोळ्यांच्या जागी दोन गडद फटकारे, डाव्या बुबुळात ठिपका. हात मागे. चेहरा झाला होता. खिडकीकडच्या बाजूला तेवढा तपकिरी पुसटपणा.

"कान?" वहिनींनी खुर्चीतूनच विचारलं.

"राहू दे."

"का?"

"कान काढायचा तर तुमच्याकडे सरळ बघावं लागतं." तिने ब्रश खाली ठेवला. "मग कान दिसतो, आणि तुम्ही जाता."

"मी कुठे जातेय? खुर्चीतच आहे. मी बोलत राहते, तुम्ही बघा."

तिने ब्रश उचलला. नजर कानावरून गालावर, गालावरून नाकावर आणली. इतक्या महिन्यांत तिने हे मुद्दाम कधी केलं नव्हतं. वहिनी गेल्या. आधी डोळे, मग ओठ, मग सगळ्याच. खुर्चीत लुगडं होतं, मांडीवर हात होते, वर बांधलेले केस होते आणि मध्ये राखाडी पोकळी. त्या पोकळीतून वहिनींचा आवाज येत होता.

"वरची पाळ दुमडलेली आहे बघा. थोरल्या भावाने पिरगाळला होता, मी त्याची पाटी फोडली म्हणून. खालची लांब. भोक ओघळलंय. मागे दोन पांढरे केस आहेत, ते काढलेत तर बोलणार नाही."

डागाच्या कडेला तो कान हळूहळू उजेडात आला, वरची दुमड, ओघळलेलं भोक, सगळं. तिने तीन फटकाऱ्यांत तो ठेवला. चौथा पाळीवर, जाड, आणि हात मागे. मग नजर पुन्हा कानाकडे नेली. वहिनी परत आल्या. त्यांचे गाल ओले होते. हलायचं नाही म्हणून त्यांनी ते पुसले नव्हते.

दुपारीच दोघी डॉक्टरकडे गेल्या. उशीर झालाय, असं तो म्हणाला. आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, हेही म्हणाला. त्यानंतर तिने रंग उघडले नाहीत. ते चित्र अजून त्या दोघींच्या मागच्या खोलीत आहे. सलूनवाला ते बघून गेला आणि कानाबद्दल समाधान व्यक्त करून गेला.

डॉक्टरकडे निघायच्या आधी तिने पॅलेट खरवडलं, ब्रश बरणीत उभे केले, चिंधी खुंटीला अडकवली, जशी ती रोज अडकवायची. जिन्यात वहिनी हात धरायला पुढे झाल्या, तेव्हा तिने मागे वळून, त्यांच्या कानाकडे बघत, सांगितलं, "वहिनी, ती खिडकी ओढून घ्या आधी. खालून धूळ येते, आणि कान ओला आहे अजून."