आप्पांच्या गाडीचा सांधा

चाळीतली चार माणसं एका गाडीखाली घाला. संध्याकाळपर्यंत गाडी दुरुस्त होईल याची गॅरंटी नाही, पण किस्से होतातच! आमच्या करी रोडच्या चाळीत गेल्या श्रावणात एवढे झाले, की ऑफिसात डबा खाताना मी सुरू झाले की पलीकडच्या टेबलावरचे लोक खुर्च्या ओढून येतात. तरी दर वेळी एखादा सांगायचा राहतोच.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. छोटी, पांढरी, मी शाळेत असल्यापासूनची. घरचा गणपती परळच्या कारखान्यातून दरवर्षी हिच्यातूनच येतो. पण आदल्या वर्षी स्टिअरिंग एवढं ढिलं झालं, की आप्पा आधी वळवायचे आणि गाडी मग विचार करून वळायची. "सुजे, त्याला प्ले म्हणतात. जुन्या गाडीत असायचाच," म्हणे! लालबागच्या वळणावर आईच्या मांडीवरची मूर्ती कलंडता कलंडता वाचली. आईने तिथल्या तिथे जाहीर केलं, "पुढच्या वर्षी ही सरळ चालली तर ठीक. नाहीतर भंगारवाल्याला बोलावून बाप्पाच्या आधी हिचंच विसर्जन!"

भंगारवाल्याचं नाव निघालं की आप्पा खाली जाऊन गाडीच्या टपावर हात फिरवून यायचे. मला बघवेना हो! म्हटलं, "आप्पा, आपण घरीच करू." व्हिडिओ बघून बघून मी भलती हुशार झाले होते.

मदतीला शेजारचा मिलिंद, माझा शाळासोबती. तो एका हॉस्पिटलात हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. गाडीखाली डोकं घालून बाहेर आला आणि गंभीरपणे म्हणाला, "सांधा झिजलाय. बदलावा लागेल. नातेवाईक कोण आहेत?"

आप्पांनी हात वर केला!

* * *

चाक आणि स्टिअरिंग जोडणारा जो टाय रॉड, त्याच्या टोकाचा सांधा बदलायचा होता. नट निघाला, पण सांधा काही केल्या सुटेना. तेल ओतून झालं, हातोडा मारून झाला. मग चाळीतला प्रत्येक जण "बाजूला हो, मी बघतो" म्हणत एकेक घाव घालून गेला. कुणी कोपराला बाम लावून परतला.

शेवटी आप्पा उठले. टोपी सरळ केली, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं सुरू केलं!

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेचो सांधो अडाकलो हा, तो मोकळो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली. मिलिंदने त्या तालावर हातोडा हाणला.

"कोणाची नजर लागली असात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दुसरा घाव.

"आणि जो कोण हिका भंगारात घालूक बघता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आणि टाण्णकन सांधा सुटला!

वरच्या गॅलरीतून आईचा आवाज आला, "ऐकलंय मी!"

* * *

नवा सांधा बसवला की चाकं सरळ रेषेत आणावी लागतात. व्हिडिओत सांगितलं होतं, गाडीभोवती दोरी ताणून बांधा आणि माप घ्या. आम्ही झकास दोरी बांधली, माप घेतलं आणि वर चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर माप भलतंच! मिलिंद म्हणे चाकं आत गेलीत, मी म्हणे बाहेर आलीत. जुंपली आमची. तेवढ्यात पलीकडून तारीकाकी ओरडल्या, "अरे, भांडतास कित्याक? माझी साडी खाली पाडशात!"

चाळीत ताणलेली दोरी दिसली आणि तिच्यावर धुणं पडलं नाही, असं कधी झालंय? काकींच्या दोन साड्या, परकर आणि काकांचा लेंगा!

* * *

मग ट्रायल. गाडी सरळ चालली, पण चाकं सरळ असताना स्टिअरिंग पार तिरकं! आप्पा मान कलती करूनच चालवत होते. परत आले ते मान तशीच घेऊन.

"गाडी एकदम सरळ झाली गं," ते आईला म्हणाले. "मीच जरा वाकडा दिसतोय."

"लग्न झाल्यापासून तेच सांगतेय," आई म्हणाली.

* * *

म्हणून पुन्हा चाकं काढली. गाडी स्टँडवर चढवून आम्ही दोघं जेवायला गेलो, आणि नेमकी मंडपवाल्यांची टोळी आली. चाळीच्या गणपतीचा मंडप दरवर्षी तिथेच उभा राहतो, हे आम्ही साफ विसरलो होतो! त्यांनी आप्पांना सांगितलं, "काका, गाडी काढा."

"चाकं नाहीत," आप्पा म्हणाले.

"मग राहू दे," म्हणत त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंनी बांबू रोवले. खाऊन येऊन बघतो तर गाडी मखरात! एक आजोबा हात जोडून विचारत होते, "यंदा देखावा कसला?"

"वाहतूक सुरक्षा," मिलिंद म्हणाला.

काम तसंच बांबूंमधून हात घालघालून संपवलं.

* * *

आणि गणपती आणायचा दिवस उजाडला. दोन्हीकडे बांबूंपर्यंत जेमतेम हातभर जागा, वर सगळी गॅलरी भरलेली. भंगारवाल्याचा नंबर आईने पाठच करून ठेवलेला. ती पाट मांडीवर घेऊन पुढे बसली. मी आणि मिलिंद मागे.

आप्पांनी रिव्हर्स टाकला. स्टिअरिंग सरळ, मान सरळ, गाडी सरळ! एकाही बांबूला न लागता बाहेर! गॅलरीतून टाळ्या पडल्या.

परळहून मूर्ती घेतली. येताना ते लालबागचं वळणही आलं. बाप्पा आईच्या मांडीवर जागचे हलले नाहीत. पुढे मोकळा, सरळ रस्ता. मला राहवलं नाही. मी ओरडले, "गणपती बाप्पा..."

"मोरया!"

मी आणि मिलिंदने दोन्ही हात वर केले. आप्पांनीसुद्धा! वर हात नाचवत, मागे आमच्याकडे बघून हसत होते. गाडी आपली रुळावर असल्यासारखी सरळ चाललेली.

आईने एका हाताने बाप्पा धरला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग.

"सुजे, लाव त्या भंगारवाल्याला फोन."

"आई, अगं, गाडी तर एकदम सरळ..."

"गाडी राहू दे," आई म्हणाली. "ह्यांना घेऊन जा म्हणावं!"