महेंद्र कुठल्या रकान्यात?

कुणी खोटं बोललं तर एक वेळ मी सोडून देईन, पण खोटं माझ्याकडून टाइप करून घेतलं की माझं डोकं फिरतं. मी योगिनी. किन्हवलीच्या पुढे दरडींचा अभ्यास करणारं आमचं केंद्र आहे, तिथली टायपिस्ट. आणि जो माझ्या डोक्यातून जात नाही तो महेंद्र, आमचा मशीनरूमवाला.

महेंद्र खर्डीचा, आयटीआय केलेला, इथं चौदा वर्षं. मशीनरूम म्हणजे एकमेकांना जोडलेले आठ कॉम्प्युटर. ड्रोनने काढलेले डोंगरांचे फोटो त्यांत घातले, की कुठल्या उतारावरची माती सरकतेय ते गणित करून सांगतात. आठांतले तीन त्याने भंगारातल्या सुट्या भागांतून उभे केलेत. लाल मुंग्या आत शिरतात म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले, घरी दुधाच्या कपाटाला ठेवतात तसे. शुक्रवारी लाइट जाते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो मोठं गणित लावतच नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, सगळं त्याच्या डोक्यात.

मागच्या वर्षी वरून पत्र आलं. स्वतःची मशीन ठेवायची की क्लाउड घ्यायचा, म्हणजे लांबच्या कुठल्याशा कंपनीची मशीन भाड्याने वापरायची, ते वेळ आणि खर्च तोलून कळवा. तोला की, माझं काय जातंय! एकच गणित दोन्हीकडे लावलं. आमच्या मशीनना नऊ तास लागले, क्लाउडला चाळीस मिनिटं. आमचे साहेब, केंद्राचे संचालक, एकदम खुशीत. अहवालात त्यांनी दोन रकाने पाडले. आमच्या रकान्यात लाइटबिल, एसी, दुरुस्ती आणि महेंद्रचा वर्षाचा पगार. क्लाउडच्या रकान्यात नुसतं भाडं. मनुष्यबळ शून्य.

टाइप करता करता माझा हात थांबला. ते फोटो क्लाउडवर गेले कसे, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. केंद्राचं इंटरनेट म्हणजे चढाला लागलेला म्हातारा बैल. म्हणून महेंद्र डिस्क टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून, स्वतःच्या मोटरसायकलवरून वाशिंदला घेऊन गेला. तिथं लाइन चांगली आहे. एका दिवसात सगळं चढेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. दोन दिवसांचे मिळून सोळा तास. हे साहेबांना सांगितलं तर म्हणाले, ते त्याचं कामच आहे, ते कशाला मोजायचं. वा रे वा! पगार मोजताना महेंद्र आमच्या मशीनचा, आणि राबायला मात्र क्लाउडचा?

मीटिंगमध्ये त्याला सहीसाठी बोलावलं. त्याने कागद सावकाश वाचला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, याचा मला त्याच्यावरही राग येतो.

"साहेब, डिस्क मी नेली," तो म्हणाला. "मग मी कुठल्या रकान्यात?"

साहेबांनी चहा मागवला. महेंद्रने सही केली नाही, तरी अहवाल गेलाच. महिन्याभरात मशीनरूमला कुलूप लागलं आणि त्याला गेटवर बसवलं, आल्यागेल्याची वेळ वहीत लिहायला. मेलेलं मशीन जिवंत करणारा हात, आणि काम काय, तर गाड्यांचे नंबर लिहा! आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

मग नवे फोटो आले. डिस्क वाशिंदला कोण नेणार? साहेब गेटवर गेले आणि गोड बोलून महेंद्रला जा म्हणाले. तो म्हणाला, गेट सोडून जायचं नाय, असं तुमचंच पत्र हाय. खरंच होतं, ते पत्रही मीच टाइप केलेलं. शेवटी साहेब स्वतःच्या गाडीने गेले. महेंद्रने वहीत लिहिलं, बाहेर सव्वानऊ. परत आले ते संध्याकाळी सातला, घामाघूम, चिडलेले, अर्धेच फोटो चढवून. तेही त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवून नवा अहवाल सांगायला घेतला. म्हणाले, क्लाउडच्या रकान्यात एक ओळ वाढवा. "माहिती पोचवणे, अधिकाऱ्याचा वेळ, पावणेदहा तास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांचा एक दिवस मोजायचा आणि त्याचे दोन दिवस शून्य! मी ओळ टाइप केली. तिच्यावर, त्यांना न विचारता, आणखी एक घातली. माहिती पोचवणे, महेंद्र, सोळा तास.

साहेबांनी कागद वाचला आणि वरची ओळ खोडा म्हणाले.

"खोडते की," मी म्हटलं. "दोन्ही खोडू?"

तो कागद अजून त्यांच्या टेबलावर पडलाय, सहीशिवाय.