मामांचा विजेचा बैल

आमचे मामा जेवताना लोणच्याऐवजी यंत्रांचं माहितीपत्रक घेऊन बसत. जालन्यात कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसचे ते कारभारी. मी गावातल्या मस्तगड भागात त्यांच्याकडेच राहून त्याच प्रेसमध्ये कारकुनी करायचो. मुंबईहून आलेली पत्रकं मामा मोठ्यानं वाचत. मामी वाढता वाढता विचारायची, "हे यंत्र भाकरी थापतं का?"

"न्हाई."

"मंग जेवा गुमान."

ते निजामाच्या राजवटीतले दिवस. आमच्या प्रेसला स्वतःचं इंजिन आणि डायनॅमो होता. एकदा मामांच्या हाती विजेच्या उचलगाडीचं पत्रक लागलं. गाडी बॅटरीवर चालायची आणि पुढच्या दोन लोखंडी हातांनी रुईची गाठ उचलून थप्पीवर ठेवायची. मामांनी तिचा एकेक आकडा बैलाच्या भाषेत समजून घेतला. "उचल म्हणजे ताकद. वळण म्हणजे किती जागेत फिरतो ते. बॅटरी म्हणजे वैरण. रात्री डायनॅमोला बांधायचा, सकाळी जुंपायचा." शेणाचा रकाना तेवढा त्यांना कुठं सापडला नाही.

प्रेसचे मालक सेठजी, त्यांना हे इतकं पटलं, की त्यांनी गाडी मागवलीच. हमालांची तोंडं उतरली. त्यांचा म्होरक्या रखमाजी मामांकडे आला. "मामा, हे काय करून राह्यले तुमी? आमचं पोट ह्या गाठींवर हाय."

"तुला चालवायला शिकवतो की!"

"अन् बाकीच्यांनी काय, तिला वारा घालायचा?"

त्या दिवशी मामा पत्रकाशिवाय जेवले.

गाडी आली. मामांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि स्वतःच वर चढून उभे राहिले. लोखंडी हातांनी गाठ अलगद उचलली. "पाहा, बिलकुल आवाज न्हाई!" मामा ओरडले आणि गाडी गोदामात शिरली. आत काळ्या मातीची, शेणानं सारवलेली जमीन. गाडी मधोमध थांबली आणि मामांसकट हळूहळू खाली जाऊ लागली. एका हातानं धोतर सावरत मामा पत्रक चाळू लागले. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, गाडीचं स्वतःचं वजन होतं. ते वाचून मामांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. "अरे, बैल उचलतो किती ते पाह्यलं, बैलच केवढा ते पाह्यलंच न्हाई!"

सेठजी हसले नाहीत. "मामा, किसने कहा था लेने को?"

"मीच," मामा म्हणाले. हसू एकदम ओसरलं होतं.

"तो कल से मत आना."

गाडी काढायला शेवटी हमालच लागले. वासे घातले, दोर बांधले, आरोळ्या देत तिला बाहेर ओढलं. घाम पुसत रखमाजी सेठजींपुढे उभा राहिला. "मामांना घालवू नका."

"क्यों?"

"दुसरा कुणी शहाणा आला, तर आधी फरशी घालंल, अन् मंग आमाला घालवंल."

सेठजींच्या मिशा थरथरल्या. मग त्यांनाही हसू आवरेना. गाडी विकली गेली, मामा राहिले.

पुढे मामी गेली. मामांनाही कमी दिसू लागलं, तेव्हा ते लेकीकडे भोकरदनला राहायला निघाले. निरोपाला सगळे हमाल आले. दिवसभर बोलणारे मामा एकेकाच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. रखमाजीनं त्यांची वळकटी बैलगाडीत ठेवली, त्यांना धरून बसवलं आणि स्वतःही शेजारी चढून बसला.

"तू कुठं निघालास रे?" मी विचारलं.

"भोकरदनपस्तोर जातो," तो म्हणाला. "एवढ्या वाटेत ह्यांचं बोलणं कोण ऐकंल?"