दीडपट वजन

बारामतीच्या कोर्टात वकिलीत केस पांढरे झाले, पण ‘मरेपर्यंत फाशी’ हे शब्द माझ्या अशिलाला उद्देशून मी एकदाच ऐकले. अशील लासुर्ण्याकडचा. वकील परवडत नाही म्हणून सरकारने त्याच्यासाठी मला नेमलं होतं. त्याने बायको आणि दोन लेकरं मारली होती. यात मलाही शंका नव्हती आणि त्याच्या आईलाही नव्हती. ती त्या लेकरांची आजी. तरी निकालानंतर दर बाजारच्या दिवशी ती माझ्या ऑफिसात येऊन बसायची. तिचं म्हणावं असं माणूस आता तो पोरगा तेवढा एकच उरला होता.

शिक्षा अजून हायकोर्टाने कायम करायची होती. तोवर काही होत नाही, हे मी तिला सांगत राहायचो. त्याच दिवसांत फाशीऐवजी इंजेक्शन द्यावं का, असा वाद सुप्रीम कोर्टात चालला होता आणि आमच्या बाररूममध्ये चहाबरोबर तोही चघळला जायचा. एकाला इंजेक्शन सभ्य वाटायचं. दुसरा म्हणायचा, शीरच सापडली नाही तर? लष्कराच्या कायद्यात गोळी चालते, म्हणून तिसरा गोळीच्या बाजूने. ज्यांच्या घरचं कुणी जाणार नव्हतं, त्यांना फार मतं होती. मला संताप यायचा, पण मिळेल ते वाचत मीही होतोच.

एके दिवशी तिने सरळ विचारलं, कसं करतात. मी टाळलं. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं. आधी माणसाचं वजन करतात. त्यावरून दोर किती लांब सोडायचा ते ठरतं, हलक्याला जास्त, जड माणसाला कमी. माप नीट बसलं तर मान मोडते आणि शुद्ध लगेच जाते. कमी पडलं तर माणूस गुदमरत राहतो. त्याच्या दीडपट वजनाचं वाळूचं पोतं खाली सोडून दोर आधी तपासून घेतात. ती खाली मान घालून ऐकत होती. मग पदर सावरून उठली आणि गाडीची वेळ झाली म्हणाली.

पुढे पुण्याच्या जेलात मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेलो. काचेपलीकडे पोरगा खाली बघत उभा होता. तिने फोन कानाला लावला आणि एकच धोशा लावला. जेव. भात जास्त घे. कँटीनमध्ये मिळेल ते खा. अंग धर. तो दर वेळी मान डोलवायचा. निघताना त्याने हसून पोटावरून हात फिरवून दाखवला. लेकरं मारलेल्या माणसाला आई जेव म्हणाली याचं सुख झालं होतं, आणि ते मला बघवेना.

परतीला आम्ही एसटीने निघालो. पाटसच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली, तेव्हा ती बोलली.

“सायेब, दीडपट घालून बघत्यात, म्हंजी तुटायचं भ्या त्यास्नी बी हायच की.”

मला आधी कळलंच नाही. मग तिने उलगडून सांगितलं. त्यांच्याकडे जत्रेत बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं तर देवाने घेतला. नाही झाडलं तर देवाला नको, मग त्याला कुणी हात लावत नाही. मागे असाच एक सुटला होता, तो देवळामागे म्हातारा होऊन मेला. तसंच हे. पोरगा एवढा जड झाला पाहिजे, की दोर तुटेल. दोर तुटला म्हणजे देवाला नको. मग सरकार तरी कसं हात लावील?

खऱ्याचं खोटं करण्यात माझा जन्म गेला, पण त्या वेळी ते जमलं नाही. निकालात ‘मरेपर्यंत’ हा शब्द त्याचसाठी असतो, मी सांगितलं. दोर तुटला तर दुसरा लावतात. डॉक्टर ‘गेला’ म्हणेपर्यंत शिक्षा संपत नाही.

“देवाला इचारतच न्हाईत व्हय?”

“नाही, मावशी.”

बारामतीचं स्टँड आलं. उतरताना ती दारातच थांबली. मागची माणसं खोळंबली.

“मग तरास कशात कमी हुईल त्याला? जड असल्यावर का वाळल्यावर? तसं सांगते त्याला.”

पुस्तकात याचं उत्तर होतं. माप बरोबर घेतलं तर दोन्ही सारखंच.

“जेवू दे त्याला,” मी म्हणालो.

हायकोर्टाचा निकाल अजून यायचा आहे. एसटीतल्या त्या बोलण्यानंतरच्या मुलाखतीलाही मी तिच्याबरोबर होतो. पोरगा चांगलाच भरला होता. आईला दिसावं म्हणून तो एका बाजूला वळून उभा राहिला आणि पोटावर थाप मारून हसला. तिने फोन कानाला धरला आणि पुन्हा तेच म्हणाली, “जेव.”