लोअरिंग स्प्रिंग टाकले, पन गाडी घासली नाही

दोस्तहो, आज घरच्या अंगनातच माह्या गाडीले लोअरिंग स्प्रिंग टाकले. गाडी दोन बोटं खाली बसली.

बोल्ट लावताना दुसरा मानूस धरायले पाहिजे होता. कोनी नव्हतं, म्हनून गुडघ्यानं रेटून लावला.

लोहाऱ्याच्या सलीमभाई मिस्त्रीले फोटो पाठोला. ते म्हने, "चार जन बसले का ब्रेकरवर घासन, भाऊ."

मंग बोरी अरबपर्यंत जाऊन आलो. एकाही ब्रेकरवर घासली नाही. खुशीत सलीमभाईले फोन लावला.

त्यायनं इचारलं, "गाडीत कोन कोन होतं?"

मी मागच्या सीटकडे पाह्यलं. शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच हाये.

रविवारी कोनी येता का बसायले? घासली तं घासू द्या.