चाल सोडून वाजवलेली वरात

अमेरिकेतले काळे वादक ठरलेली चाल सोडून, ज्याला जे सुचेल ते वाजवून आपला संताप मांडतात, हे मला फार पुढे रेडिओवर कळलं. फ्री जाझ म्हणे. मला हसूच आलं. आमच्या अनसिंगच्या बँडनं हा उद्योग पन्नासच्या दशकातच रिठदच्या एका लग्नात केला होता, आणि त्यात क्लॅरिनेट माझी होती.

तेव्हाची रीत अशी, की बँडवाल्यांनी सगळं गाव जेवेपर्यंत वाजवायचं आणि मग मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसून उरलंसुरलं खायचं. आमच्या बँडमास्तरनं त्या दिवशी ठरवलं, बस झालं.

"नवरदेव मारोतीच्या देवळातून निघाला का ज्यानं त्यानं आपलंआपलं वाजवा. पंगतीत बसवतो म्हनत नाहीत तवर चाल नाही. मी हात वर केला का सगळे चूप."

निघालो. ढोल एकीकडे, कर्णा भलतीकडे, झांजा वाटेल तेव्हा. नवरदेवाचा घोडा जागच्या जागी गरगर फिरायला लागला. मुलीचा बाप धावत आला.

"काहून बोंबलून राह्यले बे? मुहूर्त टळून राह्यला!"

"आमाले पंगतीत बसवा, बापू," मास्तर म्हणाला.

"बरं, शेवटच्या पंगतीत बसा!"

मास्तरनं हात वर केला. सगळे थांबले, मी सोडून. आयुष्यात पहिल्यांदाच, माझा सूर चुकला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. डोळे मिटून, गाल फुगवून मी असा रंगलो होतो की हात बघतो कोण! पुढचं मला ढोलवाल्यानं मागाहून सांगितलं. मुलीच्या बापाला वाटलं, सौदा मंजूर नाही.

"दुसऱ्या पंगतीत!"

मी आणखी वर चढलो.

"पहिल्या पंगतीत बसा बाप्पा, पन त्याले थांबवा!"

माझ्या थोबाडीत द्यायला निघालेला मास्तरचा हात खाली आला आणि त्यानं माझ्या तोंडातून क्लॅरिनेट उपसून काढली.

आम्ही पंगतीत बसलो तसे शेजारचे चौघे उठून गेले. मुलीचा बाप स्वतः वाढायला आला. मास्तर ताठ बसून सावकाश जेवायला लागला. मी मात्र उठून गेलेल्यांच्या पत्रावळीवरची बुंदी हळूच ओढली. मास्तरनं कोपर हाणलं.

"लेका, आज तरी दुसऱ्याचं टाकलेलं खाऊ नोको. पाह्यजे त माग."

मी मागितली. मुलीच्या बापाला ऐकूच गेलं नाही. मग दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं मागितली, तेव्हा त्यानं वाढली.