फळ्याचा कापलेला कोपरा

...तर मावशींचा ओलं फडकं धरलेला हात तसाच हवेत राहिला. वीस वर्षं ती बाई या शाळेचे फळे पुसते आहे. आमची ज्यूंची शाळा; शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार, शुक्रवारी संध्याकाळी लागतो म्हणून त्या दुपारी शाळा लवकर सुटते, त्याआधी सगळे फळे पाण्यानं धुऊन लख्ख करायचे हा तिचा नेम. त्या दिवशी तिसरीच्या वर्गातल्या खिडकीलगतच्या फळ्यापाशी ती गेली आणि खालच्या कोपऱ्यात तिला हिब्रूतली चार अक्षरं दिसली. मावशी आमच्या समाजातली नाही, पण नियम तिला आमच्यापेक्षा पक्के पाठ. देवाचं नाव पुसायचं नसतं. तिनं फडकं बादलीत टाकलं आणि तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, मी नाही हात लावायची. तुमचं तुम्ही बघा."

काल तुम्ही विचारलंत, या बाईंचं एवढं काय सांगता? मग ऐका. आमच्या मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. वडील शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मुलगी याच शाळेत शिकली. पुढे तीन महिन्यांसाठी बदली शिक्षिका म्हणून आली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. यजमान घड्याळं दुरुस्त करतात. ते म्हणतात, "आमच्या घरात घड्याळं मी दुरुस्त करतो आणि उशिरा ही येते." उशीर का? तर रस्त्यात भेटेल त्याला ही बाई प्रश्न विचारते. दूधवाल्याला, पोस्टमनला, खड्डा खणणाऱ्या माणसाला. उत्तर मिळालं नाही तर पर्समधली छोटी वही काढून लिहून घेते. नवऱ्यानं एकदा ती वही मोजली म्हणे, तर एकशे बारा प्रश्न अनुत्तरित.

मी सुतार. खेड्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. आमच्या मास्तरांना प्रश्न विचारला की ते छडीनं उत्तर द्यायचे, त्यामुळे ती सवय माझी लवकर सुटली. एकदा ही बाई सतरा पोरं घेऊन माझ्या कारखान्यात उभी. करवत हातात घेतली आणि म्हणाली, "काका, हिचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवलेले का?" मी म्हटलं, असेच असतात. "का पण?" चाळीस वर्षं मी दर पंधरवड्याला ते दात वाकवत होतो, पण का, ते वडिलांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग पोरांदेखत एक करवत सरळ दातांची केली आणि फळी कापायला घेतली. करवत चार बोटं खोल गेली आणि अशी अडकली की हलेना! दात वाकवले की चीर रुंद पडते, पातं मोकळं चालतं. साठाव्या वर्षी माझा धंदा मला कळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर्वांत जोरात मी.

या बाईंनी शाळेत अकरा वर्षांपूर्वी बालमंडळ काढलं. पाच जागा, दर तीन महिन्यांनी निवडणूक; उभं कुणीही राहावं, मतं मुलांची, आणि निवडून येतात मुलंच. मैदान कुणी कधी वापरायचं, वाचनालयात कोणती पुस्तकं आणायची, भांडणं कशी मिटवायची, या महिन्यात शाळेनं कोणत्या प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा, हे मंडळ ठरवतं. मोठ्यांनी तिथे बोलायला हात वर करायचा. आता शाळेच्या विश्वस्तांचे नवे अध्यक्ष आले होते. कापडाचे व्यापारी, माणूस सज्जन, पण शिस्तीचा. त्यांना हे काही पटेना. "पोरांच्या हाती कारभार? सोमवारी येतो, बघतो, आणि हे बंद करायचं की ठेवायचं ते तिथल्या तिथे सांगतो," असा निरोप त्यांनी धाडला होता. बाईंनी घरी यजमानांना सांगून टाकलं होतं, "मंडळ गेलं तर मी परत वर्गावर जाईन. त्या खुर्चीत बसणार नाही."

आणि नेमक्या आदल्या शुक्रवारी हा फळा!

फळ्यावर होतं काय? तिसरीच्या खिडकीबाहेर कबुतरांनी घरटं केलं होतं. पोरं रोज नोंदी ठेवत होती. कोण काड्या आणतं, कोण बसून राहतं, कोण किती वाजता उठतं. पहिल्या आठवड्याच्या नोंदींवर त्याआधीच्या शुक्रवारी मावशींचं फडकं फिरलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'पुसू नका' लिहिलेलं होतं, तरीही. मावशी म्हणतात, "'पुसू नका' तर या शाळेत प्रत्येक फळ्यावर असतं. मी ऐकत बसले तर फळे काळे राहतील का पांढरे?"

त्यात त्यानंतरच्या सोमवारी बाईंनी पोरांना शाळेतली एक लाकडी पेटी दाखवली होती. ज्या कागदावर देवाचं नाव आहे, तो जीर्ण झाला तरी फेकायचा नाही. पेटीत जमवायचा आणि पेटी भरली की दफनभूमीत नीट पुरायचा. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि फळ्यावर लिहिलं तर?"

बाई खूश होऊन म्हणाल्या, "तर मग फळा पुसता येणार नाही!"

सगळा वर्ग हसला. विचारणारी हसली नाही. ती माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

शाळा सुटायला तास उरला होता. बाईंनी आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना फोन केला. ते म्हणाले, जपायचं ते फक्त नाव, बाकीचा फळा खुशाल पुसा. गणिताच्या सरांनी लगेच तोड काढली. "फळ्यापुढे कपाट सरकवू. सोमवार टळला की बघू." मला कपाट हलवायला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे. बाईंनी कपाटाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मंडळाला विचारू."

"बाई, ज्या मंडळाचं सोमवारी काय होणार माहीत नाही, त्याला?" सर म्हणाले.

"म्हणून तर."

मंडळ बसलं. मंडळाची अध्यक्ष चौथीतली एक मुलगी, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. कपाटाची कल्पना ऐकून ती म्हणाली, "मग सोमवारी अध्यक्षसाहेब विचारतील, हे कपाट खिडकीला आडवं का? मग काय सांगायचं?" तेवढ्यात टेबलाखालून रडका आवाज आला, "मी लिहिलं." भिंगरी तिथे कधी शिरली होती कोण जाणे.

"का लिहिलंस?"

"पुसू नका लिहिलं तर पुसतात."

"मग आम्हाला सांगायचंस!"

"मागच्या शुक्रवारी सांगितलं होतं. तू म्हणालीस, अर्ज लिही."

वकीलबाई लाल झाली. मग बराच खल झाला आणि ठरलं ते असं. नोंदी सगळ्या वर्गानं वहीत उतरवून घ्यायच्या. नावाचा कोपरा कापून पेटीत ठेवायचा. लपवायचं काही नाही, साहेबांना भिंगरीनं स्वतः सांगायचं. पुढे ज्या फळ्यावर मंडळाचा लाल खडू दिसेल तो मावशींनी पुसायचा नाही, मात्र असा फळा शाळेत एकच. मावशींनी दारातूनच मान डोलावली.

उठता उठता एक मुलगा म्हणाला, "बाईंचंही चुकलं."

"कुठे रे?" बाईंनी विचारलं.

"हिनं विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत. का विचारतेस, हे नाही विचारलंत."

बाईंनी पर्समधली ती वही काढली आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

रविवारी सकाळी मी बारीक पात्याची करवत घेऊन गेलो. फळा लाकडी, जुना, चांगल्या जातीचा. भिंगरी डब्याचं झाकण अक्षरांवर धरून उभी, खडूला धक्का लागू नये म्हणून. "आजोबा, करवतीनं हादरून नाव गळलं तर ते कुणी पुसलं म्हणायचं?" मी म्हटलं, "तू असलं काही विचारू नकोस, माझा हात हलतोय!" बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी तोही प्रश्न टिपून घेतला. एक वीत रुंद, अर्धी वीत उंच तुकडा निघाला. चारही अक्षरं शाबूत. बाईंनी तो मऊ कापडात गुंडाळला आणि पेटीत ठेवला.

सोमवारी पावणेदहाला अध्यक्षसाहेब आले. कापलेला कोपरा पहिल्यांदा दिसला. भिंगरीनं एका दमात सगळं सांगितलं.

"पण हे सुचवलं कुणी तुला?"

"बाईंनी."

गणिताच्या सरांनी डोळे मिटून घेतले. साहेब बाईंकडे वळले. बाई म्हणाल्या, "हो. आणि त्याबद्दल मंडळानं मला बोल लावलेला आहे."

साहेब काही बोलणार, एवढ्यात अख्खा वर्ग म्हणाला, "श्शू! दहा वाजले!"

खिडकीबाहेर एक कबुतर उतरलं. घरट्यातलं उठलं, पंख झटकून उडालं. आलेलं त्याच्या जागी अंड्यांवर बसलं.

"पाळी बदलली," वकीलबाई म्हणाली. "दिवसा नर बसतो. रात्री मादी."

"रोज दहालाच?"

"पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. वहीत आहे."

साहेबांनी वही मागितली. उभ्यानं वाचू लागले, मग बाकावर बसून. गुडघे बाकाखाली मावेनात, तर आडवे बसले. "आणि नर दुपारी खातो काय?" त्यांनी विचारलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी बघितलंच नव्हतं! वीस मिनिटं साहेब आणि पोरं खिडकीला चिकटून होती. बाई मात्र भिंतीला टेकून उभ्या, चेहऱ्यावर काही नाही, हातातल्या खडूचा पार भुगा झालेला.

निघताना दारात साहेब थांबले. "बाई, मंडळ राहू दे. पण माझी एक अट आहे. त्याच्या अध्यक्षपदी कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. तुम्ही बसा."

बाईंनी हातावरचा खडू झटकला आणि म्हणाल्या, "साहेब, मागच्या निवडणुकीत मी उभी होते. मला चार मतं पडली आणि मावशींना एकवीस. पुढची पुढच्या महिन्यात आहे, तुम्ही अर्ज भरा. पण पोरं आधी विचारतील, नर दुपारी काय खातो ते कळलं का?"